ॲम्प भिंतीकडे फिरवा

तारीख २४ सप्टेंबर १९६९, वार बुधवार. लंडनच्या रॉयल ॲल्बर्ट हॉलच्या मागच्या दारातून तुम्ही गिटारचं कॅबिनेट ढकलत आत आणताय. बारा इंची स्पीकर, जाड लाकूड, धाप लागेल एवढं वजन. भूतकाळात शिरायला हमालाइतका सोयीचा वेश नाही. नाव कुणी विचारत नाही आणि कुठेही फिरायची मुभा असते.

रंगमंचावर रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राच्या खुर्च्या लागल्यात. त्यांना लगटूनच डीप पर्पल या रॉक बँडची मांडामांड चाललीय: ड्रम्स, हॅमंड ऑर्गन आणि तुम्ही आणलेलं हे धूड. गायक इयन गिलन आणि बेसवाला रॉजर ग्लोव्हर यांना बँडमध्ये येऊन जेमतेम उन्हाळाभर झालाय. ऑर्गनवादक जॉन लॉर्डने तीन भागांची रचना लिहिलीय, 'कन्सर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा', आणि ती आज रात्री पहिल्यांदा लोकांसमोर व्हायचीय. संचालन माल्कम अर्नोल्डकडे. हा माणूस एके काळी लंडन फिलहार्मोनिकमध्ये पहिला ट्रम्पेट वाजवायचा. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या संगीतासाठी त्याला ऑस्करही मिळालंय. थोडक्यात, वादकांच्या खोड्या त्याला पाठ आहेत. ते बरंच झालं, कारण तालमीत ऑर्केस्ट्रातल्या काही मंडळींनी नाकं मुरडली आणि अर्नोल्डला त्यांची खरडपट्टी काढावी लागली. केस वाढवलेल्या पोरांबरोबर बसायचं, हा मानापमानाचा भाग झालाच. पण नाकं मुरडायला एक साधं ध्वनिशास्त्रीय कारणही आहे, आणि ते तुम्हीच आत्ता ढकलत आणलंत.

बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर येतो. गळ्यात लाल रंगाची गिब्सन ई.एस. ३३५, आतून अर्धी पोकळ. तो एक स्वर छेडतो. तुम्ही कॅबिनेटच्या कडेला उभे आहात. आवाज जाड, गोल, किंचित मुका. आता चार पावलं पुढे जा, उकिडवे बसा आणि कान स्पीकरच्या बरोबर समोर आणा. तोच हात, तोच स्वर, पण आता दातांच्या मुळांपर्यंत जातो. कारण असं की ११०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास बारा इंच. याच्या खालचे ध्वनी बारा इंची स्पीकरमधून चहूबाजूंना पसरतात. वरचे पसरत नाहीत. ते झोत होऊन सरळ समोर जातात. कडेला उभ्या गिटारवाल्याला वाटतं, टोन बोथट आहे. तो ट्रेबल वाढवतो. झोताच्या वाटेत बसलेल्या व्हायोलावादकाला मात्र स्वतःचं वाद्य हनुवटीखाली असूनही ऐकू येईनासं होतं.

मी तर म्हणेन, गिटारवाल्याने ॲम्पवरच्या बटणांना हात लावण्याआधी कॅबिनेटचं तोंड कुठे आहे ते बघावं. बास, मिडल, ट्रेबल ही नंतरची गोष्ट. पण हे सांगायला आज इथे कुणाला वेळ नाही, आणि तुम्ही तर हमाल.

हॉलचीही भर आहे. हे सभागृह १८७१ सालचं, वर प्रचंड घुमट, आणि त्या घुमटातून परत येणारा पडसाद लंडनमध्ये कुप्रसिद्ध. ब्रिटिश संगीतकाराला आपली कृती दुसऱ्यांदा ऐकायची खात्री फक्त इथेच, असा जुना विनोद आहे. त्यावर इलाज म्हणून याच वर्षी छताखाली फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या टांगल्यात. लोक त्यांना मशरूम म्हणतात. मान वर करून बघून घ्या. त्या आहेत म्हणून आज निदान ऑर्केस्ट्रा आणि ड्रम्स यांची पूर्ण खिचडी होणार नाही.

रात्र. सभागृह भरलंय. पडद्याआडून ऐकू नका, जिना चढून वर गॅलरीत जा.

पहिल्या भागात लॉर्डने जे केलंय ते मला फार हुशारीचं वाटतं. त्याने मिसळण्याचा प्रयत्नच केलेला नाही. ऑर्केस्ट्रा कित्येक मिनिटं एकटाच वाजतो, बँड हात बांधून उभा. मग बँड एकदम तुटून पडतो. दोघे जणू एकमेकांचे वैरी, एक बोलतो तेव्हा दुसरा गप्प. गिटारला आपली मोकळी जागा आहे, क्लॅरिनेटला आपली. ब्लॅकमोरचा एकल तुकडा चांगला लांबतो आणि त्यात तो वाटेल तेवढा मोठ्याने, वाटेल तेवढा खरखरीत वाजवू शकतो, कारण त्या वेळी त्या पट्ट्यात कुणाचंच घर नाही. टोन जुळवायचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच: आळीपाळी. तो कागदावर होतो, बटणांवर नाही, आणि म्हणून गिटारवाल्यांच्या गप्पांत त्याचं नाव निघत नाही.

दुसरा भाग संथ. इथे गाणं आहे, सुरावटी लांब आहेत, आणि इथेच अडचण कानाला लागते. ऑर्केस्ट्राचे धरलेले स्वर खाली पसरलेत आणि वर गिटारला काहीतरी बोलायचंय. अशा वेळी ॲम्प थोडा जरी फाटत असेल, म्हणजे डिस्टॉर्शन असेल, तर गिटारवाला दोन स्वर वाजवतो तेव्हा प्रत्यक्षात तीन-चार निघतात. हा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. ४४० हर्ट्झला सा धरा. गिटारच्या पडद्यांवरचा शुद्ध गंधार ५५४.३७ हर्ट्झचा. डिस्टॉर्शनमध्ये या दोघांच्या फरकाचाही स्वर जन्माला येतो: ११४.३७. दोन सप्तकं खालचा खरा सा ११०चा. म्हणजे तुमच्या नकळत ॲम्पने सा आणि कोमल रिषभ यांच्या मधे लोंबकळणारा एक बेवारशी स्वर खाली सोडून दिला, नेमका जिथे डबल बास शांतपणे सा धरून बसलेत तिथे. कानाला नुसतं 'गढूळ' वाटतं, कारण सापडत नाही. पेटीच्या गंधारावरून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली. तोच गंधार डिस्टॉर्शनमध्ये घातला की काय होतं ते हे.

आता सा-पंचम घ्या. ४४० आणि ६५९.२६, फरक २१९.२६. खालचा सा २२०चा. जवळजवळ बिनचूक! रॉकवाले सा-पंचमाचीच जोडी घेऊन का वाजवतात, गंधार का गाळतात, याचं बरंचसं उत्तर या वजाबाकीत आहे. ऑर्केस्ट्राबरोबर तर नियमच समजा: आवाज फाटका हवा असेल तर एकच स्वर किंवा सा-पंचम, आणि गंधार व्हायोलिनांना वाजवू द्या. तो त्यांना जास्त सुरात वाजवता येतो. भरगच्च कॉर्ड हवीच असेल तर ॲम्प स्वच्छ ठेवा.

आणखी एक गोष्ट गॅलरीतूनच कळते. गज तारेवर टेकतो, ओढला जातो, मग स्वर फुलतो. पिकने छेडलेली तार मात्र पहिल्याच क्षणी सगळं बोलून टाकते. व्हायोलिनं आणि गिटार एकाच ठोक्यावर आले तरी गिटार पुढे पळाल्यासारखी वाटते. वाईट वादक आवाज कमी करतो. चांगला वादक स्वराचं तोंड झाकतो: मानेकडचा पिकअप लावतो, टोनचं बटण निम्म्याखाली आणतो, तार छेडताना व्हॉल्यूमचं बटण शून्यावर ठेवून करंगळीने हळूच उघडतो. छेडल्याचा टणत्कार गायब आणि स्वर गजाने ओढल्यासारखा वर येतो. ब्लॅकमोर आज असं वाजवतोय असा माझा दावा नाही. त्याला आज मिसळायचंच नाहीये, त्याला जिंकायचंय. वय वर्षं २४, तेही साहजिक.

तिसरा भाग वेगवान, इयन पेसचा ड्रम-सोलो, टाळ्या. टाळ्या थांबेनात म्हणून शेवटचा तुकडा पुन्हा वाजवतात. तुम्ही खाली उतरा, कॅबिनेट परत गाडीत चढवायचंय.

वाटेत १९९९ साली क्षणभर थांबा, याच हॉलमध्ये. पहिल्या प्रयोगाच्या पुढच्याच वर्षी, १९७०मध्ये, लॉर्डच्या या रचनेची मूळ स्वरलिपी हरवली. मार्को दे खुय नावाच्या डच संगीतकाराने जुनं ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण पुन्हा पुन्हा ऐकून-पाहून ती नव्याने लिहून काढली, आणि सप्टेंबर १९९९मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर ती इथेच वाजली. त्या माणसाच्या टेबलापाशी बसल्याची कल्पना करा. ट्रम्पेट काय वाजवतायत ते सहज कळेल. पण गिटार, ऑर्गन, ड्रम्स एकदम तुटून पडलेत आणि त्याखाली दुसरी व्हायोलिनं किंवा व्हायोला काय करतायत? एका आवाजाने दुसरा झाकला जातो म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला कळलं नसेल.

आता पश्चिमेकडून पूर्वेकडे. साल १९७४ धरा, गाव मुंबई, ताडदेव. फिल्म सेंटरमध्ये गाण्याचं रेकॉर्डिंग आहे. या खेपेला तुम्ही हमाल नाही, वादक आहात. इलेक्ट्रिक गिटार, छोटा ॲम्प, आणि रांगेत मागची खुर्ची. समोर व्हायोलिनांच्या ओळी. त्यांत बरेच गोव्याचे, चर्चच्या शाळेत लहानपणीच स्टाफ नोटेशन शिकलेले. संगीतकार प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे ज्यांचं वाद्यवृंदाचं लेखन असायचं ते सेबॅस्टियन डिसोझाही गोव्याचेच. हिंदी गाण्यात गायकाच्या ओळीमागून व्हायोलिनांची दुसरी सुरावट वाहते, तिला इथे सगळे ऑब्लिगेटो म्हणतात. ती या मंडळींच्या हातची देणगी.

ॲल्बर्ट हॉलमध्ये होती तीच अडचण इथे आहे, पण इथे सुटकेच्या वाटा बंद आहेत. गायक, व्हायोलिनं, ढोलक, तबला, ॲकॉर्डियन, तुम्ही, सगळे एकदमच वाजवणार. मोजके माइक, शेवटी एकच मोनो ट्रॅक. नंतर तुमचा आवाज वेगळा काढून कमी-जास्त करणं अशक्य. तुम्ही चुकलात की साठ माणसं पुन्हा पहिल्यापासून.

पहिला मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंगआधीची तालीम. काचेपलीकडून काही हालचाल होते आणि एक असिस्टंट तुमच्याकडे येतो.

"दादा, ॲम्प भिंतीकडे फिरवा."

"मग मला ऐकू कसं येणार?"

"तुम्हाला कशाला ऐकू यायला पाहिजे? आत साहेबांना आलं की झालं."

ॲम्प फिरतो. झोत भिंतीवर आपटून मऊ होऊन परत येतो. ॲल्बर्ट हॉलमध्ये जे कुणी केलं नाही ते इथे पहिल्या पाच मिनिटांत झालं, आणि कुणी त्याला शास्त्र म्हटलं नाही.

दुसरा मॉनिटर. समोरच्या ओळीतले एक वयस्क व्हायोलिनवादक मागे वळून बघतात. "पोरा, नोट एवढी लांब नको धरू. माझी फ्रेज खाली उतरते तिथे तू शिर, मी वर चढलो की तू बाहेर." तुम्ही कागद बघता. त्यावर नुसते कॉर्डचे अक्षरी संकेत लिहिलेत, कुठे शिरायचं ते लिहिलेलं नाही. ते त्यांच्या कागदावर आहे. म्हणून तुम्ही मान वाकडी करून त्यांच्या स्टँडवरचं वाचायला लागता.

मग हात बदलतो. सहाच्या सहा तारा सोडून फक्त वरच्या तीन. खालच्या ई तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा. तिथे तबल्याचा डग्गा आहे, बेस गिटार आहे, ढोलक आहे, तुमची काय गरज? तळहात ब्रिजजवळ तारांवर हलका टेकवा, म्हणजे स्वर लवकर विरतो आणि गायकाच्या शब्दाला वाट मिळते. व्हॉल्यूम सहावर आणा. गिटारवरचा व्हॉल्यूम उतरवला की आवाज तर कमी होतोच, शिवाय वरची धारही थोडी जाते, म्हणजे दोन कामं एका बटणात. रिव्हर्ब शून्य. व्हायोलिनांचा घुमारा खोलीचा आहे. तुमचा स्प्रिंगचा असेल तर तुम्ही दुसऱ्याच घरात बसून वाजवताय असं ऐकू येईल.

एकटी ऐकली तर ही गिटार अगदी दरिद्री वाटते. पातळ, कोरडी, अर्धवट. पण तुम्ही कुणासाठी वाजवताय ते आठवा. हे गाणं सिनेमाच्या फिल्मवरच्या ऑप्टिकल पट्टीत जाईल, जिच्यात वरच्या टोकाचं तेज फारसं टिकत नाही. मग ते विविध भारतीवर लागेल आणि चाळीतल्या एखाद्या ट्रान्झिस्टरच्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून निघेल. तिथे १०० हर्ट्झच्या खालचं काहीच पोचत नाही, पाच हजाराच्या वरचंही फारसं नाही. मधल्या अरुंद बोळात गायकाचा आवाज, व्हायोलिनं आणि तुम्ही. मुंबईच्या वादकांनी गिटार मिसळायची कला साधली ती नम्र स्वभावामुळे असं मला वाटत नाही. बोळच अरुंद होता.

आणि गिटारला गायचं असेल तेव्हा? १९८०चा 'कर्ज' आठवा. लक्ष्मीकांत-प्यारेलालांचं संगीत, व्हायोलिनांचा मोठा ताफा, आणि गिटारवर गोरख शर्मा, प्यारेलालांचे धाकटे भाऊ. तिथे गिटारची सुरावट म्हणजे कथेतली खूणच आहे. नायकाला मागचा जन्म तिच्यामुळे आठवतो. तिथे गिटार दबून राहून कसं चालेल? तिथे तिला गायकाची खुर्ची मिळते आणि व्हायोलिनं तिच्या ओळींच्या मधल्या फटीत उत्तरं देतात. लॉर्डची आळीपाळीच, फक्त भांडणाशिवाय. टोन कसा हवा हा प्रश्न विचारण्याआधी या क्षणी गाणारा कोण आहे, हा प्रश्न विचारला गेलाय.

चला, तुमच्या काळात. पुण्यातला तालमीचा हॉल, संध्याकाळचे सात, रविवारी नाट्यगृहात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम. चाळीस व्हायोलिनांऐवजी दोन कीबोर्ड. तुमच्यासमोर पेडलबोर्ड आहे, त्यात घरी बेडरूममध्ये बसून जमवलेला टोन: खाली भरपूर बास, वर चकचकीत ट्रेबल, मधला भाग उतरवलेला, भरपूर डिले. घरी एकट्याला हा टोन स्वर्गीय लागतो. कीबोर्डवाला स्ट्रिंग्जचा पॅच दाबतो आणि तुमची गिटार नाहीशी होते. तुम्ही आवाज वाढवता. तो वाढवतो. गायिका कानावर हात ठेवते.

काय झालं ते आता तुम्हाला कळतं. त्याच्या पॅचमध्ये व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत सगळा ऑर्केस्ट्रा आहे, आणि एका मोठ्या हॉलचा घुमाराही आधीच मुरवलेला. खालचं त्याने भरलंय, वरचंही भरलंय. उरला मधला पट्टा, साधारण ७०० ते १५०० हर्ट्झ, आणि नेमका तोच तुम्ही घरी उतरवून आलात. तुम्ही वाकता. १२० हर्ट्झच्या खालचं कापता, मिडल वर आणता, गेन निम्मा करता, डिले बंद. ॲम्पचं तोंड गायिकेच्या पाठीवरून काढून बाजूच्या पडद्याकडे वळवता. आवाज ऐकून तुमचं तुम्हालाच कसंनुसं होतं.

"अरे, टोन गेला तुझा," ड्रमर म्हणतो.

"वाजवून बघू."

पुन्हा सुरुवात. या वेळी गिटार ऐकू येते, आणि गायिकाही. पण अंतऱ्यात पुन्हा गढूळ. तुम्ही हात वर करून थांबवता आणि कीबोर्डवाल्याकडे बघता. वीस वर्षं ऑर्केस्ट्रात काढलेला माणूस, वयाने मोठा.

"काका, अंतऱ्यात डावा हात उचलाल का? बेस आहे ना खाली."

"डावा हात?" ते म्हणतात. "डावा हात उचलला तर स्ट्रिंग्ज भरणार कशा? तूच सोड ना कॉर्ड, नुसता पीस वाजव."

"सोडतो. पण मग दुसऱ्या म्युझिकमध्ये मी वाजवणार आणि तुम्ही थांबणार."

"किती बार?"

"आठ."

"चार," काका म्हणतात, आणि पॅच बदलायला वळतात.